शंभर, पन्नास, पंचवीस

‘किंग लिअर’च्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक घासाघीस चालते. ऐंशी ओलांडलेला राजा ग्लॉस्टरच्या गढीसमोर उभा आहे. राज्य त्यानं दोन मुलींच्या नावे करून टाकलंय. स्वतःकडे ठेवलंय राजा हे नाव आणि दिमतीला शंभर सरदार. महिनाभर एकीकडे, महिनाभर दुसरीकडे राहायचं, अशी बोली. थोरल्या गॉनरिलनं पहिल्याच पंधरवड्यात त्यातले पन्नास एका फटक्यात कमी केले, म्हणून संतापून तो मधल्या रीगनकडे आलाय. दारातच त्याला दिसतं, की आपण पुढे पाठवलेल्या माणसाचे पाय खोड्यात अडकवलेत. मुलगी-जावई भेटायला तयार नाहीत. प्रवासानं दमलोत, असा आतून निरोप येतो. मग रीगन बाहेर येते आणि सांगते, ताईकडे परत जा, तिची माफी मागा, निम्मे सरदार काढून टाका. तेवढ्यात गॉनरिलही येऊन पोचते, आणि रीगन तिचा हात हातात घेते. आता दोघी मिळून आकडा खाली आणू लागतात. रीगन म्हणते, माझ्याकडे यायचं तर पंचवीसच आणा. त्यावर लिअर गॉनरिलकडे वळतो. मग मी तुझ्याकडेच येतो, म्हणतो. तुझे पन्नास हे हिच्या पंचविसांच्या दुप्पट, तेव्हा तुझं प्रेमही हिच्या दुप्पट.

या नाटकात एका म्हाताऱ्याचे डोळे रंगमंचावर, सगळ्यांदेखत काढले जातात. तरी मला ते दुप्पट प्रेमाचं बोलणं जास्त भयंकर वाटत आलं आहे. इतका अपमान गिळूनही हा माणूस प्रेम माणशी मोजतोच आहे, आणि ते मोजमाप आपल्याच विरुद्ध फिरलंय हे त्याला दिसत नाही. गॉनरिल विचारते, पंचवीस तरी कशाला? दहा कशाला, पाच कशाला? रीगन विचारते, एक तरी कशाला? इथे लिअरचा बांध फुटतो. गरजेचं काय सांगता, असं तो म्हणतो. भिकाऱ्यातल्या भिकाऱ्याकडेही गरजेपेक्षा एखादी चिंधी जास्त असतेच, आणि नुसत्या गरजेपुरतं द्यायचं ठरवलं तर माणसाच्या जिण्याला जनावराचंच मोल राहील. १६२३च्या छापील प्रतीत वादळाची रंगसूचना नेमकी या भाषणाच्या मध्ये आहे. बोलता बोलता तो रानात निघून जातो, आणि मागे गढीचे दरवाजे लावून घ्यायचा हुकूम सुटतो.

आपण मराठी माणसं या नाटकाकडे बहुतेक वेळा ‘नटसम्राट’च्या वाटेनं येतो. त्यामुळे ‘लिअर’ म्हटलं की कृतघ्न मुलं आणि बेघर झालेला बाप एवढंच चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. ते खोटं नाही. पण मूळ नाटक वाचताना पुन्हा पुन्हा जाणवतं ते हे, की मुलींनी बापाशी केलेला व्यवहार बापानंच त्यांना शिकवलेला होता.

पहिला प्रसंग बघा. दोन सरदार वाटणीबद्दल बोलत उभे आहेत, आणि त्यांच्या बोलण्यावरून कळतं, की हिस्से आधीच ठरलेत, कुणाला कमी-जास्त म्हणायला जागा नाही इतके तोलून. म्हणजे मुलींनी प्रेमाची भाषणं करायची आणि ती ऐकून राजा हिस्सा देणार, हा नुसता समारंभ. राजा नकाशा मागवतो. गॉनरिल बोलते, आणि बाकीच्या दोघींचं ऐकायच्या आधीच तिचा हिस्सा जाहीर होतो. मग रीगनचा. सगळ्यांत समृद्ध असा तिसरा हिस्सा धाकट्या, लाडक्या कॉर्डेलियासाठी राखून ठेवलेला. तिनं चार गोड शब्द बोलले असते तरी भागलं असतं. ती म्हणते, माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. मुलीच्या नात्यानं जेवढं प्रेम करायचं तेवढं मी करते, त्याहून जास्त नाही, कमीही नाही. आणि लग्न झालं की त्यातलं निम्मं नवऱ्याकडे जाईल.

कॉर्डेलियाला देवी करून टाकायची आपल्याला घाई असते. नीट ऐकलं तर तीही हिशेबच मांडते. बहिणींचा हिशेब खोटा आणि हिचा खरा, एवढाच फरक. बापाचा हट्टीपणा तिच्यात पुरेपूर उतरलाय. त्यानंतर लगेच बाजार भरतो. तिला मागणी घालायला आलेल्या दोघांपैकी बर्गंडीचा ड्यूक हुंड्याची आठवण करून देतो, आणि हुंडा मिळणार नाही म्हटल्यावर माघार घेतो. फ्रान्सचा राजा मात्र रित्या हातांच्या मुलीला राणी करून घेऊन जातो. संपूर्ण पहिल्या प्रसंगात हिशेबाबाहेर वागणारा हा जवळजवळ एकटाच माणूस, आणि नाटकात तो पुन्हा दिसत नाही.

ही गोष्ट शेक्सपिअरची नव्हे. मॉन्मथच्या जेफ्रीनं ११३६च्या सुमारास लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला, त्यात ती येते. लेस्टर शहराचं नावही तो याच राजाशी जोडतो. तिथून ती हॉलिन्शेडच्या बखरीत आली आणि स्पेन्सरच्या काव्यातही. १५९४च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ‘रोझ’ नाट्यगृहात याच राजावरचं एक नाटक झालं होतं, आणि १६०५ साली ते छापूनही आलं. त्याहीपलीकडे ही लोककथा आहे. मुलगी बापाला सांगते, तू मला मिठाइतका आवडतोस. बाप चिडून तिला हाकलून देतो आणि पुढे अळणी जेवण समोर आल्यावर त्याचे डोळे उघडतात. ही कथा युरोपभर सांगितली गेली. आपल्याकडच्या गोष्टीत राजा मुलींना विचारतो, तुम्ही कुणाच्या नशिबाचं खाता? थोरल्या सांगतात, तुमच्या. धाकटी सांगते, माझ्या स्वतःच्या. थोरल्या बापकर्मी, धाकटी आपकर्मी. राजा तिला देशोधडीला लावतो, तिचं नशीब उघडतं आणि एक दिवस राजाच तिच्या दारात याचक म्हणून उभा राहतो.

या सगळ्या कथांचा शेवट गोड आहे. मिठाच्या कथेत बाप-लेक भेटतात. आपकर्मीच्या कथेत भेटतात. जेफ्रीच्या इतिहासातही लेईर राजा मुलीकडे गॉलमध्ये जातो, तिच्या सैन्याच्या जोरावर राज्य परत मिळवतो आणि सिंहासनावर असतानाच वारतो. कॉर्डेलियाचा अंत वाईट होतो, पण फार पुढे: बहिणींची मुलं बंड करून तिला कैद करतात आणि ती आत्महत्या करते. बाप तोवर सुखानं गेलेला असतो. ‘रोझ’मधल्या नाटकानं तर तो पुढचा भाग घेतलाच नाही. म्हणजे शेक्सपिअरचा पहिला प्रेक्षक जेव्हा हे नाटक बघायला बसला, तेव्हा शेवटी काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे असं त्याला वाटत होतं.

तो पहिला ज्ञात प्रयोग २६ डिसेंबर १६०६ला व्हाइटहॉलच्या राजवाड्यात, पहिल्या जेम्स राजासमोर झाला. नाताळच्या दुसऱ्या दिवशीची ती रात्र, सेंट स्टीफनची. हा दिवस गोरगरिबांना दानधर्म करण्याचा, त्यांच्यासाठी दारं उघडी ठेवण्याचा. त्या रात्री शेक्सपिअरच्या मंडळीनं राजाला काय दाखवलं, तर दार लावून घेतलेलं घर आणि बाहेर पावसात भिजणारा राजा. जेम्स स्वतः स्कॉटलंडचा राजा. १६०३मध्ये त्याला इंग्लंडचीही गादी मिळाली आणि दोन्ही राज्यं एक करायचा त्यानं ध्यासच घेतला होता. राज्याची वाटणी करू नये, असं त्यानं आपल्या मुलाला उपदेश करताना पुस्तकात लिहिलं होतं. त्याच्या थोरल्या मुलाच्या पदव्यांत कॉर्नवॉलची ड्यूकी होती, धाकट्याच्या पदव्यांत ऑल्बनीची. लिअरच्या दोन जावयांची नावं तीच, कॉर्नवॉल आणि ऑल्बनी. समोर बसलेल्या राजाला हे ऐकू आलं नसेल, असं मानणं कठीण आहे.

दरबाराबाहेरही हा विषय घरोघरी होता. १६०३ साली केंट परगण्यात ब्रायन ॲन्स्ली नावाच्या म्हाताऱ्या सरदाराच्या थोरल्या मुलीनं आणि जावयानं त्याला वेडा ठरवून त्याची मालमत्ता ताब्यात घ्यायचा खटाटोप केला. धाकट्या मुलीनं थेट राजमंत्री रॉबर्ट सेसिलला पत्र लिहून त्याला विरोध केला. तिचं नाव कॉर्डेल. शेक्सपिअरनं नाटक त्यावरून बेतलं असं म्हणायला पुरावा नाही, आणि बखरीतलं नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे. पण तेव्हाचा लंडनचा प्रेक्षक हे नाव ऐकून एकमेकांकडे बघत असणार.

खेड्यातली माणसं याबाबतीत राजापेक्षा शहाणी होती. मध्ययुगीन इंग्लंडच्या जहागिरींच्या न्यायालयांची दप्तरं टिकून आहेत. त्यांत म्हातारे शेतकरी जमीन मुलाच्या नावे करताना काय काय लिहून घेत, ते सापडतं: वर्षाला इतकं धान्य, इतके कपडे, सरपण, राहायला अमुक खोली, शेकोटीजवळ बसायची जागा. मुलानं बोली मोडली तर जमीन परत. आपल्याकडे २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ नेमकं हेच सांगतं: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. ती अट दस्तात लिहिलेली असायला हवी का, यावर बराच काथ्याकूट झाला. डिसेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अटीवर बोट ठेवलं होतं. जानेवारी २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं कायद्याचा हेतू पाहून मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. तलाठ्याच्या आणि प्रांताच्या कचेरीबाहेर कागदांची पिशवी घेऊन बसलेले आईबाप आपण पाहतोच. त्यांना हे कलम फार मोलाचं आहे.

लिअरचं दुखणं मात्र कोणत्याही कलमानं बरं होणारं नव्हतं. त्याला खोली, सरपण, धान्य नको होतं. त्याला सत्ता देऊन टाकायची होती आणि सत्तेचा रुबाब ठेवून घ्यायचा होता. शंभर सरदार कशासाठी? जेवायला बसल्यावर मागे उभे राहण्यासाठी. पीटर ब्रुकनं १९६२मध्ये पॉल स्कोफिल्डला घेऊन हे नाटक बसवलं तेव्हा या प्रश्नाला हात घातला. त्याच्या प्रयोगात लिअरचे सरदार खरोखरच धिंगाणा घालतात, गॉनरिलच्या घरातली टेबलं उलथून टाकतात. प्रेक्षकाला क्षणभर वाटतं, हिची तक्रार खरी आहे. असली माणसं कोण घरात ठेवून घेईल? ब्रुकनं मुलींना राक्षसिणी करणं नाकारलं, आणि त्या दिवसापासून गॉनरिल आणि रीगनला नुसतं दुष्ट म्हणून सोडून देता येत नाही. जपानच्या अकिरा कुरोसावानं १९८५च्या ‘रान’मध्ये आणखी खोल खणलं. त्याच्या हिदेतोराला मुली नाहीत, तीन मुलगे आहेत. आणि ज्या किल्ल्यांची तो वाटणी करतो, ते त्यानं कत्तली करून मिळवलेले आहेत. सुनाही जिंकलेल्या घराण्यांतल्या. लिअरनं राज्य कसं मिळवलं आणि कसं चालवलं, हा मूळ नाटकात दबून राहिलेला प्रश्न कुरोसावा उघडा करतो.

अगदी दबून राहिलाय असंही नाही. वादळात, झोपडीच्या तोंडाशी उभा असताना लिअर विदूषकाला आधी आत पाठवतो. नाटकात पहिल्यांदाच तो दुसऱ्याला आधी जाऊ देतो. आणि मग त्याला आठवतात ती उघडीवाघडी, उपाशी माणसं, जी अशा रात्री कुठे जात असतील. राजा असताना आपण याकडे फार कमी लक्ष दिलं, असं तो स्वतःशी कबूल करतो. ग्रिगोरी कोझिन्त्सेवनं १९७१च्या रशियन चित्रपटात अशा भिकाऱ्यांचे थवे दगडाळ वाटांवरून चालवले आहेत. यूरी यार्वेट हा एस्टोनियन नट त्यात लिअर झाला, लहानखुरा, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा. त्या गर्दीत हा राजा शोधावा लागतो.

गरिबांचा विषय निघालाच आहे, तर एका नोकराबद्दल बोललं पाहिजे. ग्लॉस्टरचे डोळे काढण्याचा प्रसंग. रीगनचा नवरा कॉर्नवॉल त्याला खुर्चीला बांधायला लावतो आणि एक डोळा फोडतो. दुसऱ्याची वेळ येते तेव्हा कॉर्नवॉलच्याच पदरी वाढलेला एक नोकर पुढे होऊन धन्याला थांबवतो. त्याला नाव नाही. शेक्सपिअरनं त्याला जेमतेम काही ओळी दिल्या आहेत. तो तलवार उपसतो, कॉर्नवॉलला जीवघेणी जखम करतो, आणि रीगन त्याला मागून भोसकते. राजाच्या दरबारात, नोकरानं मालकावर हत्यार उपसलं आणि नाटक त्याच्या बाजूनं उभं राहिलं. त्यानंतर उरलेले दोन नोकर एकमेकांशी बोलतात. या म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावायला जवसाचे तंतू आणि अंड्याचा पांढरा बलक आणू या, असं त्यांतला एक म्हणतो.

हे अंड्याच्या बलकाचं बोलणं १६०८च्या प्रतीत आहे आणि १६२३च्या प्रतीत नाही. इथे या नाटकाच्या छापील इतिहासाकडे जरा थांबून पाहावं लागतं. १६०८ची प्रत निकोलस ओक्सच्या छापखान्यात छापली गेली. नथॅनिएल बटर हा प्रकाशक. सेंट पॉलच्या आवारात, कबऱ्या बैलाची पाटी लावलेल्या त्याच्या दुकानात ती विकायला होती. मुखपृष्ठावर शेक्सपिअरचं नाव सगळ्यांत वर, ठळक टाइपात. खाली लिअर आणि त्याच्या तीन मुली, ग्लॉस्टरचा मुलगा एडगर याचं वेडाचं सोंग, व्हाइटहॉलचा प्रयोग, सगळं सांगितलेलं. आतली छपाई मात्र गोंधळाची. पद्याच्या ओळी गद्यासारख्या लावलेल्या, शब्द चुकलेले. छापता छापता दुरुस्त्या केल्या जात होत्या, आणि कागद महाग असल्यानं दुरुस्त आणि बिनदुरुस्त फर्मे एकत्रच बांधले गेले, त्यामुळे एकाच आवृत्तीच्या प्रतीही आपसांत सारख्या नाहीत. पुढे १६२३च्या मोठ्या संग्रहात हे नाटक पुन्हा आलं तेव्हा १६०८मधल्या सुमारे तीनशे ओळी गेल्या होत्या आणि सुमारे शंभर नव्या आल्या होत्या. वेडा लिअर मुलींवर खटला चालवतो, एका स्टुलाला गॉनरिल समजून तिची उलटतपासणी करतो, तो विलक्षण प्रसंग फक्त १६०८मध्ये आहे. दोन-अडीचशे वर्षं संपादक दोन्ही प्रती मिसळून एक नाटक तयार करत आले. १९८६च्या ऑक्सफर्ड आवृत्तीनं ही दोन वेगळी नाटकं आहेत असं मानून दोन्ही स्वतंत्र छापली.

ब्रुकनं नोकरांचं ते बोलणं गाळलं. त्याला प्रेक्षकाला कुठेच विसावा द्यायचा नव्हता, आणि १६२३ची प्रत त्याच्या बाजूला होती. इतक्या मोठ्या दिग्दर्शकाशी मतभेद सांगताना संकोच होतो, पण मला तो निर्णय पटत नाही. तो बलक दिलासा देत नाही. डोळे परत येणार नसतात. एक माणूस दुसऱ्यासाठी काही आणायला निघतो आणि त्यात कुठलीच परतफेड नसते, एवढंच तिथे घडतं. ज्या नाटकात पहिल्या प्रसंगापासून देण्या-घेण्याचा काटा हलतो आहे, तिथे हे घडायला हवं.

आंधळा ग्लॉस्टर पुढे डोव्हरच्या कड्याकडे निघतो, उडी टाकून जीव द्यायला. वाट दाखवायला त्याला भेटतो एक वेडा भिकारी, आणि तो असतो त्याचाच मुलगा एडगर. दुसऱ्या, अनौरस मुलाच्या, एडमंडच्या, कारस्थानाला भुलून ग्लॉस्टरनं याला परागंदा केलेलं असतं. एडगर सपाट जमिनीवर बापाला चढ चढतो आहेस असं सांगतो. कड्याच्या टोकावर आलो म्हणतो. खाली कावळे किड्यांएवढे दिसतात, कड्याच्या मध्यावर लोंबकळत एक जण रानभाजी खुडतोय, किनाऱ्यावरचे कोळी उंदरांएवढे. बाप गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि पुढे झोकून देतो, म्हणजे होता तिथेच पालथा पडतो. मग एडगर आवाज बदलून, जणू खाली किनाऱ्यावरचा कुणी वाटसरू, त्याला उठवतो: एवढ्या उंचावरून पडलास आणि जिवंत आहेस!

‘ग्लोब’च्या रंगमंचावर पडदे नव्हते, देखावे नव्हते. डोव्हर म्हटलं की डोव्हर, कडा म्हटलं की कडा, असा नट आणि प्रेक्षकांमधला रिवाज होता. त्यामुळे एडगर वर्णन करत असताना प्रेक्षकालाही खात्री नसते, की हा कडा नाटकातला खरा कडा आहे की थाप. ग्लॉस्टर पडल्यावर आपल्याला कळतं, की त्याच्याबरोबर आपणही फसलो होतो. आंधळ्याच्या जागी प्रेक्षकाला उभं करण्याची ही युक्ती इतकी साधी आहे, की नेपथ्यावर जास्त खर्च केला की ती मरते. डोव्हरजवळच्या त्या पांढऱ्या कड्याला आज शेक्सपिअर क्लिफ म्हणतात. ग्लॉस्टर त्याच्यावर कधी पोचलाच नव्हता.

त्यानंतर रानफुलांचा मुकुट घातलेला लिअर येतो आणि आंधळा म्हातारा व वेडा म्हातारा समोरासमोर बसतात. कथानक तिथे पुढे सरकत नाही, आणि सरकायची गरजही वाटत नाही. मग लिअरला, फ्रान्सच्या सैन्यासह परतलेल्या कॉर्डेलियाच्या छावणीत नेतात. तो जागा होतो तेव्हा त्याचे कपडे बदललेले आहेत. ही कोण, हे त्याला नीट कळत नाही. तो तिच्यापुढे गुडघे टेकू लागतो, ती त्याला थांबवते. आपलं वय ऐंशीच्या वर आहे, असं तो सांगतो, आणि आपली बुद्धी शाबूत नसावी अशी भीती वाटते, हेही. मग म्हणतो, तुझ्या बहिणींनी विनाकारण छळलं, तुला मात्र माझ्यावर रागवायला कारण आहे. कॉर्डेलिया सांगते, काहीही कारण नाही.

हे खरं नाही. तिला कारण आहे, आणि चांगलं सबळ आहे. पहिल्या प्रसंगात बापासाठी चार जास्तीचे शब्द बोलायला नकार देणारी, प्रेमाचा अर्धा वाटा नवऱ्याचा असं रोखठोक सांगणारी मुलगी इथे पहिल्यांदा चक्क खोटं बोलते, किंवा असं म्हणू या, की हिशेबाची वहीच उघडत नाही. माझ्या लेखी ‘लिअर’चा कळस इथे आहे, वादळात नाही.

त्यानंतर शेक्सपिअर तिला फाशी देतो. युद्ध हरलं जातं, बापलेकीला कैद होते, एडमंडनं तुरुंगात तिला मारायचा हुकूम आधीच पाठवलेला असतो. मरता मरता त्याला उपरती होते, माणूस धावत सोडला जातो, आणि तेवढ्यात लिअर मुलीचं प्रेत हातांवर घेऊन येतो. तो आरसा मागतो, श्वासाचा ओलावा काचेवर उमटतो का पाहायला. पिसाची हालचाल दिसली असं त्याला वाटतं. आयुष्यभर मोजत आलेला माणूस शेवटी एक श्वास मोजू पाहतो. १६२३च्या प्रतीत त्याच्या तोंडी मरताना आणखी एक ओळ आहे, तिच्या ओठांकडे बघा असं सांगणारी. ती जिवंत आहे असा भास होऊन तो सुखानं जातो, की काहीच नाही हे दाखवत जातो, यावर आजवर वाद चालू आहे. १६०८च्या प्रतीत ती ओळ नाही.

डॉक्टर सॅम्युअल जॉन्सननं १७६५मध्ये शेक्सपिअरची नाटकं संपादित केली. कॉर्डेलियाच्या मृत्यूनं आपल्याला इतका धक्का बसला होता, की संपादनाचं काम अंगावर पडेपर्यंत शेवटचे प्रसंग पुन्हा वाचवले नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलंय. रंगभूमीला तर ते अजिबातच सोसलं नाही. नाहुम टेटनं १६८१मध्ये नाटक नव्यानं रचलं: विदूषक काढला, फ्रान्सचा राजा काढला, एडगर आणि कॉर्डेलियाचं प्रेम जुळवलं, लिअरला गादी परत दिली. म्हणजे आपकर्मीचा शेवट त्यानं परत आणला. दीडशे वर्षं इंग्लंडनं हेच ‘लिअर’ म्हणून पाहिलं. १८१० ते १८२० या काळात तर तेही नाही, कारण तिसरा जॉर्ज राजा स्वतःच वेडा झाला होता आणि वेड्या राजाचं नाटक लंडनमध्ये करणं शक्य नव्हतं. १८२३मध्ये एडमंड कीननं करुण शेवट परत आणला. १८३८मध्ये मॅक्रेडीनं विदूषकही परत आणला. ती भूमिका प्रिसिला हॉर्टन या नटीनं केली.

टॉलस्टॉयला हे नाटक आवडायचं नाही. १९०६च्या त्याच्या निबंधात ‘रोझ’मधलं जुनं, गोड शेवटाचं नाटक त्यानं सरस ठरवलं. त्यानं स्वतः जमीनजुमला बायकामुलांच्या नावे करून टाकला होता, आणि १९१०मध्ये, ८२व्या वर्षी, तो घर सोडून निघाला. अस्तापोव्हो नावाच्या रेल्वे स्टेशनात त्याचा शेवट झाला तेव्हा त्याच्या बाजूनं ठाम उभी राहिलेली धाकटी मुलगी साशा जवळ होती. हे साम्य जॉर्ज ऑर्वेलनं १९४७मध्ये दाखवून दिलं. टॉलस्टॉयला खिजवण्यासाठी मी ते सांगत नाही. त्या माणसाला हे नाटक सहन झालं नाही, याचं मला दुःखच वाटतं.

आणि आता शिरवाडकर. २३ डिसेंबर १९७०ला धी गोवा हिंदू असोसिएशननं ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणलं, डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले. शिरवाडकरांनी जे बदललं ते फार विचारानं बदललं. राजाच्या जागी नट ठेवला, म्हणजे ज्याचं राज्य मुळातच रात्रीपुरतं असतं असा राजा. मुलं दुष्ट केली नाहीत; ती मध्यमवर्गीय घरात सापडतात तशी, आपल्या संसारात गुरफटलेली आणि चोरीचा आळ सहज घेऊ शकणारी. आणि कॉर्डेलिया काढून टाकली. तिच्या जागी बायको कावेरी आहे, आणि पुढे रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा. सांभाळणारं लेकरू रक्ताचं नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मराठी घरांत म्हाताऱ्यांची खाट गॅलरीत सरकू लागली होती, तिथे हे थेट जाऊन भिडलं. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७४ला मिळाला. नाटकाला तोवर त्याची गरज उरली नव्हती. पण कॉर्डेलिया गेली तशी तिची क्षमाही गेली. बेलवलकरांना कुणी समोर बसून सांगत नाही, की तुमच्यावर रागवायला मला काही कारण नाही.

योगायोग असा, की १९७४मध्येच विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ हा अनुवाद आला. त्यात ‘लिअर’ मराठीत पूर्ण वाचता येतं. ते पुस्तक कुणा तरुण मंडळीनं उचलावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. नाट्यशिबिरात निवडक प्रवेश करून थांबू नये. अख्खं नाटक करावं. लिअरसाठी म्हातारा नट मिळेपर्यंत थांबायचंही कारण नाही. शेक्सपिअरच्या मंडळीतल्या बर्बेजनं हे काम पहिल्यांदा केलं तेव्हा तो चाळिशीच्या आत होता, स्कोफिल्ड चाळिशीचा होता, गीलगुड तर तिशीच्याही आत. लागू ‘नटसम्राट’मध्ये त्रेचाळीस वर्षांचे होते. उलट ग्लेंडा जॅक्सन खासदारकी संपवून २०१६मध्ये, ऐंशीव्या वर्षी, लंडनच्या ‘ओल्ड व्हिक’मध्ये लिअर झाल्या. या भूमिकेला ना वय लागतं, ना पुरुषच लागतो. अंगात बळ लागतं, कारण शेवटी प्रेत उचलून आणायचं असतं.

बसवणाऱ्यांना दोन प्रतींमध्ये निवड करावी लागेल. नोकर आणि स्टुलावरचा खटला १६०८मधून घ्यावेत, असं मी म्हणेन. मग प्रश्न येतो शेवटच्या भाषणाचा. १६०८मध्ये ते ऑल्बनीच्या तोंडी आहे, १६२३मध्ये एडगरच्या. ऑल्बनी राजाचा जावई, पदानं सगळ्यांत मोठा. रिवाजाप्रमाणे शेवटचा शब्द त्याचाच. पण त्यानं नुकतंच लिअरचा निष्ठावंत सरदार केंट आणि एडगर यांना राज्य चालवायला बोलावलंय, म्हणजे आणखी एका वाटणीचा बेत मांडलाय. केंट नाही म्हणतो. एडगर हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तो या नाटकात उघडा फिरला आहे, झोपडीत कुडकुडला आहे, आंधळ्या बापाचा हात धरून चालला आहे. मी ते भाषण एडगरला देईन.